वैमानिक व्हायचे, पण शिकवणीचा पैसा कोणाचा?

बारावीचा निकाल लागला की औंध, पुसेसावळी, आटपाडी, कुंडल या बाजूच्या शिक्षकांकडे पालकांची रीघ लागते. डॉक्टरीला किती गुण हवेत, इंजिनिअरिंगला कुठे घालावे, डी. फार्मसी केली तर दुकान निघेल का, हे प्रश्न ठरलेले. अलीकडे त्यांत एकाची भर पडली आहे. एखादे आबा टोपी सावरत येतात आणि हळूच विचारतात, "सर, पोरगं विमान चालवायचं म्हणतंय. पन्नास-साठ लाख लागत्यात म्हणं. रान विकावं का?"

सरांनी काय सांगावे? नको म्हटले तर पोराच्या मनातून उतरायचे. बेशक विका म्हटले आणि पुढे पोरगा घरी बसला, तर आबांच्या नजरेतून उतरायचे. म्हणून मंडळी, विमान कसे उडते हा विषय आज बाजूला ठेवू. ते उडवायला शिकण्याचा खर्च कोण सोसतो, तो त्याच्याच माथी का आला, आणि रानाचा सौदा करण्याआधी काय काय विचारून घ्यावे, एवढेच आज बघू.

आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून सुरुवात करू. एसटीचा चालक व्हायचे तर जड वाहनाचा परवाना माणूस स्वतःच्या पैशाने काढतो. पण निवड झाली की महामंडळ त्याला आपल्या गाडीवर बसवते, आपले डिझेल जाळते आणि त्याचा हात बसवून घेते. विमानाच्या धंद्यातही असेच दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा परवान्याचा. त्याला कमर्शियल पायलट लायसन्स किंवा थोडक्यात सीपीएल म्हणतात. त्यासाठी वय अठरा पूर्ण हवे, बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित हवे, आणि एकूण दोनशे तास उड्डाण हवे. त्यांतले शंभर तास विमानाची सारी जबाबदारी शिकणाऱ्याने स्वतः घेऊन उडायचे असते. काही तास रात्रीचे, काही नुसत्या उपकरणांकडे बघून. शिवाय दिशाज्ञान, हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र असे लेखी पेपर आहेत आणि प्रत्येकात शंभरात सत्तर गुण मिळवावे लागतात. आपल्याकडची पस्तीसची रेघ तिथे नाही.

हे दोनशे तास एका छोट्या विमानावर होतात. दोन-चार माणसे बसतात एवढेच ते. आणि या पहिल्या टप्प्यालाच आज भारतात साधारण ४५ ते ६० लाख रुपये लागतात. पन्नास लाखांना दोनशे तासांनी सरळ भागा. तासाला पंचवीस हजार, म्हणजे मिनिटाला चारशेच्या वर. यात वर्गातली शिकवणी वगैरे धरलेली आहे हे खरे, पण धावपट्टीच्या कडेला इंजिन चालू ठेवून पोरगा आपल्या पाळीची वाट बघत असतो, तेव्हाही मीटर चालूच असते.

बरे, परवाना हातात आला. आता मुंबई-दिल्ली विमानात बसता येईल का? नाही. छोट्या विमानाचा परवाना म्हणजे मोठ्या विमानाचा नव्हे. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ अशा एकेका जातीच्या विमानाचे वेगळे शिक्षण घ्यावे लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात. हे बहुतेक सिम्युलेटरमध्ये होते. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर खिळलेले, पण आतून हुबेहूब विमानाच्या पुढच्या खोलीसारखे यंत्र. त्याला आणखी बारा ते पंचवीस लाख. एसटीच्या उदाहरणात जो खर्च महामंडळ करते, तोच हा. इथे मात्र अनेकदा तोही उमेदवाराकडूनच घेतला जातो. गाडी कंपनीची, उतारू कंपनीचे, तिकिटाचा पैसा कंपनीचा, आणि त्या गाडीवर हात बसवण्याचा खर्च पोराच्या बापाचा! काही कंपन्या हा खर्च आपण करतात आणि अमुक वर्षे नोकरी सोडणार नाही असा करार लिहून घेतात. तो करार मला तरी अधिक सरळ वाटतो. निदान दोन्ही बाजूंचे काहीतरी अडकलेले असते.

हे असे पहिल्यापासून होते का? १९२९ सालच्या १० फेब्रुवारीला जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. ते मुंबईच्या फ्लाइंग क्लबात शिकले. तो क्लब त्याच्या आदल्याच वर्षी निघाला होता. त्या काळी उडणे हा श्रीमंतांचा शौक होता आणि शौकाचा पैसा ज्याचा त्याने द्यावा हे रास्तच. पण सरकारलाही वैमानिक हवे होते, म्हणून या क्लबांना सरकारी अनुदान मिळे. स्वातंत्र्यानंतरही ती पद्धत चालू राहिली. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स अशी दोन महामंडळे झाली. त्यांनी नोकरीत घेतलेल्या माणसाला मोठ्या विमानावर शिकवण्याचे काम आपले मानले. इंडियन एअरलाइन्सचे त्यासाठी हैदराबादला स्वतःचे प्रशिक्षण केंद्र होते. १९८५ साली केंद्र सरकारने उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी काढली. परदेशातही तेच. ब्रिटनच्या दोन सरकारी हवाई कंपन्यांनी १९६० मध्ये हॅम्बल येथे स्वतःची शाळा उघडली. पोरे आधी पारखून घ्यायची आणि मग शिकवायची, असा रिवाज होता.

मग १९९४ साली आपल्याकडे महामंडळांची मक्तेदारी उठली. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकीट आणले आणि बघता बघता विमाने वाढली. २००५-०६ च्या सुमारास वैमानिक मिळेनासे झाले. परवाना आला की नोकरी दारात, असे दिवस होते. ही बातमी गावोगाव पोचली. बातमी पोचायला वेळ लागतो आणि परवाना मिळवायला दीड-दोन वर्षे लागतात. आपल्याकडे कांद्याला भाव आला की पुढच्या हंगामात सारे शिवार कांद्याचे होते आणि काढणीला भाव पडलेला असतो. अगदी तसेच घडले. २००८ मध्ये जगभर मंदी आली, कंपन्यांनी भरती थांबवली आणि लाखो रुपये खर्चून परवाने घेतलेली पोरे घरी बसली. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ च्या एप्रिलात जेट एअरवेज, २०२३ च्या मेमध्ये गो फर्स्ट. एक कंपनी बंद पडली म्हणजे तिथले अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि रांगेत नव्या पोरांच्या पुढे उभे राहतात.

इथे तुम्ही म्हणाल, "अहो, पण वर्तमानपत्रात तर येते की वैमानिकांचा तुटवडा आहे!" येते, आणि ते खोटेही नाही. २०२३ साली एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. २०२५ च्या नोव्हेंबरात तर वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि पुरेसे वैमानिक हाताशी नाहीत म्हणून डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. पण तुटवडा कोणाचा, हे नीट बघा. मोठ्या विमानात दोघे बसतात. डाव्या हाताला कॅप्टन, उजव्या हाताला त्याचा साथीदार, को-पायलट. तुटवडा पडतो तो मुख्यतः डाव्या खुर्चीचा. कॅप्टन होण्यासाठी वरचा परवाना लागतो, त्याला किमान दीड हजार तास लागतात आणि प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक अनुभव मागतात. दोनशे तासांचा ताजा परवानेवाला तो खड्डा भरून काढू शकत नाही. तो उजव्या खुर्चीच्या रांगेत आहे आणि ती रांग लांब आहे. २०२३ या एका वर्षात भारतात १,६२२ कमर्शियल परवाने दिले गेले. तोपर्यंतचा तो उच्चांक होता. घरी मुकादम नाही म्हणून ऊसतोड अडली असेल, तर नवशिक्या कोयत्यांची गर्दी करून काय उपयोग? तसलाच हा प्रकार.

शिकवणीचा खर्च पोराच्या माथी का आला, याचे उत्तर याच रांगेत आहे. दारात शंभर जण उभे असले की मालक म्हणतो, ज्याला पैसा भरून यायचे त्याने यावे. युरोपात हे आणखी पुढे गेले. आयर्लंडच्या रायनएअरने टाइप रेटिंगसाठी उमेदवारांकडून तीस हजार युरोंच्या आसपास रक्कम घेतली. काही ठिकाणी तर उजव्या खुर्चीत बसून तास मिळवण्यासाठीही तरुणांनी उलट कंपनीलाच पैसे मोजले. म्हणजे उतारूही पैसे देतोय आणि विमान हाकणाराही पैसे देतोय! तिथल्या वैमानिकांच्या संघटनांनी याविरुद्ध बरीच ओरड केली.

अमेरिकेत नेमके उलटे घडले. २००९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोल्गन एअरचे विमान पडून पन्नास माणसे गेली. चौकशीत वैमानिकांचा थकवा, त्यांचे तोकडे पगार, त्यांची तयारी, सगळेच उजेडात आले. पुढे कायदा झाला आणि २०१३ पासून प्रवासी विमानाच्या उजव्या खुर्चीसाठीही साधारण दीड हजार तासांची अट आली. रांग एकदम आखूड झाली. मग ज्या छोट्या कंपन्या तुटपुंजा पगार देत, त्याच नवीन वैमानिकाला हजर होण्याबद्दल बक्षिसी देऊ लागल्या. शिकण्याचा खर्च तिथेही पोरालाच पडतो, उलट तासांची अट वाढल्याने अधिकच. पण नोकरीवर आल्यावर त्याची किंमत झाली. दीड हजारांची अट योग्य की अयोग्य, यावर तिथे अजून वाद आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की हा भार कोणी उचलायचा ते आकाशात लिहिलेले नाही. ते नियमावर आणि रांगेच्या लांबीवर ठरते.

आणि हा केवळ घरच्या हिशेबाचा प्रश्न नाही. डोक्यावर साठ लाखांचे कर्ज असलेला तरुण आजारी असताना, झोप झालेली नसताना, "आज मी उडणार नाही" असे किती सहज म्हणेल? नियम त्याला तसे म्हणायला सांगतो. हप्ता त्याला गप्प बसवतो. मागे बसलेल्या दीडशे-दोनशे उतारूंचा या हप्त्याशी संबंध आहे.

औंधच्या माणसाला हे सांगताना एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. तुमचे गाव एका लहानशा संस्थानाची राजधानी होते. आटपाडी, कुंडल असे तुकडे इकडेतिकडे विखुरलेले, उत्पन्न बेताचे. तरी राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत गरिबाच्या पोराला इथे शिकायला मिळते, अशी औंधची कीर्ती होती. साने गुरुजी कोकणातून काही काळ इथे शिकायला आले होते. माडगूळचे गजानन दिगंबर माडगूळकर औंधच्याच शाळेचे विद्यार्थी. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधकरांनी त्यांना कुंडलजवळ माळ दिला, कर्जही दिले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. धोका होताच. माळावर निवडुंगच जास्त होता म्हणतात. पण तो धोका ज्याला झेपेल त्याने घेतला होता. कारखाना बुडाला असता तर संस्थानाची थोडी रक्कम गेली असती, एखाद्या घराची चूल विझली नसती. आज वैमानिकाच्या शिक्षणात हा धोका नेमका उलट्या बाजूला गेला आहे. विमान कंपनी मोठी, बँक मोठी, शिकवणारी शाळाही तालेवार. आणि परवाना ते खुर्ची यांमधला सगळा धोका चार एकरांच्या मालकाकडे.

हा मधला काळच घातक आहे. समजा साठ लाखांचे कर्ज आहे आणि व्याज अकरा टक्के. नुसते व्याजच महिन्याला ५५,००० होते. पंधरा वर्षांत फेडायचे तर हप्ता ६८,००० च्या पुढे जातो. नोकरी लागली तर नव्या को-पायलटला दीड-दोन लाखांच्या आसपास पगार मिळू शकतो, म्हणजे हप्ता निघतो. पण दोन वर्षे नोकरी लागली नाही तर व्याजच तेरा लाखांवर चढते. त्यात परवाना पेटीत ठेवून चालत नाही. उपकरणांवर उडण्याची पात्रता दरवर्षी तपासून घ्यावी लागते, वैद्यकीय तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते, हात चालू ठेवायला उडावे लागते, आणि उडायला पुन्हा मिनिटाला शेकडो रुपये. विळा वापरला नाही तर गंजतो, पण त्याला पाजळायला कोणी लाखभर मागत नाही.

जमिनीचीही एक गोम आहे. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांवर गेले की बँक सहसा तारण मागते. आबा सातबारा घेऊन जातात आणि बँक मान हलवते. कारण २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला तारण जप्त करण्याचा जो सोपा मार्ग दिला, तो शेतजमिनीला लागू नाही. घर किंवा बिनशेती प्लॉट असेल तर आणा, असे उत्तर मिळते. शेतजमीन वाचावी म्हणून कायद्याने ही सवलत ठेवली. पण परिणाम असा होतो की गहाण ठेवता येत नाही म्हणून माणूस रान विकूनच टाकतो, नाहीतर खाजगी सावकाराकडे जातो. गहाण सुटू शकते. विकलेले रान परत येत नाही.

तर मग काय, आमच्या पोरांनी आकाशाकडे बघायचेच नाही का? तसे मुळीच नाही. पण क्रम उलटा करा. पहिला पैसा शाळेच्या फीवर घालू नका, डॉक्टरवर घाला. महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, मान्य डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग पहिल्या वर्गाची वैद्यकीय तपासणी होते. रंग ओळखण्यात दोष असेल, कानात किंवा हृदयात काही असेल, तर ते इथेच कळते. चष्मा असला म्हणजे सगळे संपले असे नाही, ठरलेल्या मर्यादेत तो चालतो. काही हजारांत हे उत्तर मिळते. फी भरून झाल्यावर तेच उत्तर फार महाग पडते.

दुसरे, लेखी पेपर आधी द्यावेत. पुस्तके घेऊन, जरूर तर शिकवणी लावून, हवामान आणि दिशाज्ञानाचे पेपर सुटतात का ते बघावे. इथे शिक्षकांचा हात मोलाचा आहे. बारावीचे त्रिकोणमिती आणि सदिश ज्याला समजले, त्याला वाऱ्याने विमान किती सरकते हे गणित सोपे जाते. पेपर इंग्रजीत असतात आणि आकाशातले बोलणेही इंग्रजीत. आठवीपासून रोज पंधरा मिनिटे मोठ्याने इंग्रजी वाचून घेणारा शिक्षक त्या पोराचे पुढचे कितीतरी श्रम वाचवतो.

शाळा निवडताना स्वतः जाऊन या. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया अशा ठिकाणी उड्डाण शिकवले जाते. किती विमाने आज उडण्याजोगी आहेत, किती शिक्षक आहेत, मागच्या तुकडीचे दोनशे तास किती महिन्यांत पुरे झाले, हे तिथल्या शिकणाऱ्या पोरांना विचारा, कचेरीतल्या माणसाला नव्हे. पोरे खरे सांगतात. २०२३ च्या ऑक्टोबरात बारामती परिसरात एकाच शाळेची दोन विमाने चार-पाच दिवसांत कोसळली आणि त्या शाळेचे काम काही काळ थांबवावे लागले. शाळा थांबली की पोरगा थांबतो, आणि खोलीचे भाडे मात्र चालूच राहते. २०२५ पासून डीजीसीए शाळांची प्रतवारी जाहीर करते. पहिल्या यादीत सर्वांत वरच्या श्रेणीत एकही शाळा बसली नाही, यावरून काय ते समजा. संपूर्ण फी एकदम भरा, सूट देतो, असे कोणी म्हणाले तर भरू नका. उडालेल्या तासांप्रमाणे हप्ते द्या.

विमान कंपन्यांच्या स्वतःच्या कॅडेट योजना आहेत. त्यांत आधी परीक्षा आणि निवड होते, शिक्षण नंतर. खर्च एक कोटीच्या आसपास किंवा वर जातो, पण निदान रांगेतली जागा ठरते. मात्र पत्रातले शब्द वकिलाकडून वाचून घ्या. "नोकरी देऊ" आणि "जागा असल्यास विचार करू" यांत साठ लाखांचे अंतर आहे.

सरकारी वाटाही बघा. महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेने इतर मागासवर्गीय, भटक्या व विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलामुलींसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत वैमानिक शिक्षणाची योजना चालवली आहे. जागा थोड्या आहेत आणि जाहिरात येऊन जाते ती कळतही नाही, म्हणून शिक्षकांनी डोळा ठेवावा.

आणि सगळ्यांत जुनी वाट म्हणजे वायुदल. तिथे शिकवणीचा पैसा देश घालतो आणि बदल्यात सेवा मागतो. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये तुमच्याच साताऱ्यात निघाली. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सेवापूर्व प्रशिक्षण संस्था १९७७ पासून मुलांना एनडीएसाठी तयार करते, आणि मुलींसाठी आता नाशिकला सोय आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुलीही जातात. त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मेमध्ये बाहेर पडली. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा होते, वय साडेसोळा ते साडेएकोणीस. वैमानिकाच्या शाखेसाठी यंत्रावरची एक वेगळी चाचणी असते आणि ती जन्मात एकदाच देता येते, तेव्हा पोराला बघू-जमलं-तर म्हणून पाठवू नका. परीक्षेचा अर्ज शंभर रुपयांचा आहे. मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना तेवढेही भरावे लागत नाहीत.